प्रकाश : उद्दीपन की आलंबन? बरोक काळातील अभिजात निसर्गचित्र आणि 'वातावरण' ही संकल्पना

मराठी समीक्षेत 'वातावरणनिर्मिती' हा शब्द विपुल प्रमाणात वापरला जातो. परंतु त्या शब्दाने नेमके काय अभिप्रेत आहे, याची चिकित्सा क्वचितच होते. कथानक, पात्रचित्रण, संघर्ष आणि भाषाशैली यांचा परामर्श घेऊन झाला की उरलेल्या जागेत वातावरणाची नोंद होते. संध्याकाळ उदास असते, पहाट प्रसन्न असते, पाऊस विरहाला साथ देतो, एवढे सांगून समीक्षक पुढे जातो. घटना आधी घडते आणि वातावरण हा तिच्यावर मागाहून चढवलेला रंग असतो, अशी समजूत या पद्धतीच्या मुळाशी आहे. ही समजूत तपासून पाहायची असेल, तर साहित्याबाहेरच्या एका परंपरेकडे वळणे उपयुक्त ठरेल. ती परंपरा म्हणजे सतराव्या शतकात रोममध्ये वाढलेली अभिजात निसर्गचित्राची परंपरा. 'सायंकाळ झाली' असे दोन शब्दांत सांगून मोकळे होण्याची सोय चित्रकाराला नसते. ती सायंकाळ त्याला झाडाच्या पानांवर, मंदिराच्या खांबांवर, पाण्यावर आणि दूरच्या डोंगरांच्या कडांवर प्रत्यक्ष घडवावी लागते. त्यामुळे वातावरण म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्यापुरता तरी टाळता येण्याजोगा नसतो.

या परंपरेविषयी सर्वसाधारणपणे दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ही चित्रे म्हणजे पुराणकथांची आणि बायबलमधील प्रसंगांची सजावट आहे. निसर्ग येथे रंगमंचावरील पडद्याचे काम करतो. दुसरे मत नेमके उलट आहे. त्यानुसार कथा हे केवळ निमित्त असून चित्रकाराला रस आहे तो प्रकाशात. परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही मतांचे गृहीतक मात्र एकच आहे : कथा आणि प्रकाश या दोन वेगळ्या वस्तू असून त्यांपैकी एक मुख्य व दुसरी गौण असली पाहिजे. क्लोद लॉरँ आणि नीकॉला पूसँ यांची प्रमुख चित्रे लक्षपूर्वक पाहिली असता हे गृहीतकच टिकत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

तत्कालीन कलाविचारात निसर्गचित्राचे स्थान कनिष्ठ होते, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. फ्रान्सच्या शाही चित्रकला अकादमीत १६६७ मध्ये झालेल्या व्याख्यानांना आंद्रे फेलिब्याँ याने जी प्रस्तावना जोडली, तीत चित्रप्रकारांची उतरंड स्पष्टपणे मांडलेली आहे. फळाफुलांची चित्रे सर्वांत खाली; त्यांच्यावर निसर्गचित्रे; मग सजीव प्राण्यांची चित्रे, व्यक्तिचित्रे आणि सर्वांत वर इतिहास, पुराण व रूपक यांवरील चित्रे. मनुष्याची कृती हाच चित्रकलेचा सर्वोच्च विषय होय, ही या उतरंडीमागील धारणा होती. निसर्गचित्राला प्रतिष्ठा मिळवायची असेल, तर त्याने एखादी थोर कथा आपल्या पोटात घेतली पाहिजे, असा याचा व्यावहारिक अर्थ होतो. आन्नीबाले कार्रात्ची याने १६०४ च्या सुमारास काढलेल्या 'इजिप्तकडे पलायन' या चित्रात (हे चित्र आज रोमच्या दोरिया पाम्फिली संग्रहात आहे) अशी सांगड दिसते. मेरी, जोसेफ आणि बालक येशू यांच्या लहानशा आकृती नदीकाठाने चालल्या आहेत; नदी, टेकडी, तटबंदीचे नगर आणि वृक्षराजी यांची रचना इतकी मोजून-मापून केली आहे की, प्रवासाचा संथ वेग त्या रचनेतूनच जाणवतो. जर्मनीहून रोमला आलेल्या आडाम एल्सहायमरने १६०९ मध्ये हाच प्रसंग तांब्याच्या लहानशा पत्र्यावर रात्रीच्या वेळचा म्हणून रंगवला. चंद्र व त्याचे पाण्यातील प्रतिबिंब, जोसेफच्या हातातील दिवटी आणि मेंढपाळांची शेकोटी असे वेगवेगळे प्रकाश त्यात आहेत, आणि वर आकाशगंगेसह तारांकित आकाश आहे. संकटात सापडलेल्या त्या कुटुंबाला प्रत्येक प्रकाश वेगळ्या प्रकारचा आधार देतो. कार्रात्चीची रचना आणि एल्सहायमरचा प्रकाश या दोन वारशांवर पुढील पिढी उभी राहिली.

याच रोममध्ये बरोक कलेचा दुसरा, अधिक परिचित प्रकाशही वावरत होता. कारावाद्जोच्या 'संत मॅथ्यूला पाचारण' (१५९९–१६००) या चित्रात उजवीकडून येणारा प्रकाशाचा तिरकस पट्टा अंधाऱ्या खोलीत शिरतो आणि पैसे मोजत बसलेल्या माणसांना जागच्या जागी थांबवतो. बेर्नीनीने सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमधील कोर्नारो प्रार्थनामंदिरात (१६४७–५२) संत तेरेसाच्या शिल्पावर प्रकाश पाडण्यासाठी एक खिडकी योजली. पण ती खिडकी पाहणाऱ्याला दिसू नये अशी व्यवस्था केली. या दोन्ही ठिकाणी प्रकाश हा हस्तक्षेप आहे. तो बाहेरून येतो, त्याचा उगम अदृश्य राहतो आणि तो ज्या क्षणी पडतो, त्या क्षणी मनुष्याचे आयुष्य पालटते. बेर्नीनी कोर्नारो प्रार्थनामंदिराच्या कामात गुंतलेला असतानाच, १६४८ मध्ये, त्याच शहरात क्लोद लॉरँ 'शेबाच्या राणीचे प्रयाण' हे चित्र पूर्ण करीत होता. या चित्रात प्रकाशाचा उगम लपवलेला नाही. चित्राच्या मध्याजवळ, समुद्रावर, क्षितिजापासून थोडा वर आलेला सूर्यच चित्रकाराने रंगवला आहे. हा प्रकाश कोणाला हाक मारीत नाही. राणी असो वा हमाल, तो सर्वांवर सारखाच पसरत जातो. कारावाद्जोचा प्रकाश क्षणाचा आहे, तर क्लोदचा प्रकाश अवधीचा आहे. 'बरोक' या एकाच संज्ञेखाली दोघांचा अभ्यास करताना हा भेद नजरेआड होता कामा नये.

क्लोद जेले हा लोरेन प्रांतातील शामान्य या गावचा. त्या प्रांतावरून त्याला लॉरँ हे नाव पडले. लहान वयातच तो इटलीत आला, आगोस्तीनो तास्सी याच्या हाताखाली शिकला आणि १६८२ मध्ये रोममध्येच मरण पावला. त्याचा सहवास लाभलेला जर्मन चित्रकार व चरित्रकार योआखिम फॉन झांड्रार्ट याने लिहून ठेवले आहे की, क्लोद पहाटेपूर्वीपासून रात्र पडेपर्यंत रानात पडून राही; पहाटेच्या आणि सांजेच्या आकाशाचे रंग डोळ्यांत साठवी, लगेच त्या छटांचे मिश्रण तयार करी आणि मग घरी येऊन ते आपल्या चित्रात वापरी. ही हकीकत चरित्रकाराने रंगवून सांगितली असेल असे मानले, तरी तिच्यातून क्लोदच्या पद्धतीचे मर्म कळते. त्याचे निरीक्षण रानातले होते, पण रचना चित्रशाळेतली होती. रोमभोवतीच्या कांपान्या या मैदानाची दमट हवा, तीबोलीचे डोंगर, तायबर नदी, तिच्यावरचे पूल हे सर्व त्याच्या चित्रांत येते. मात्र ते जसेच्या तसे एका ठिकाणी सापडत नाही. १६३७ च्या एका बंदरचित्रात तर त्याने रोममधील टेकडीवरची व्हिला मेदिची ही वास्तू उचलून समुद्रकाठी आणून ठेवली आहे. स्थळाच्या बाबतीत एवढे स्वातंत्र्य घेणारा हा चित्रकार प्रहराच्या बाबतीत मात्र तसूभरही सवलत घेत नाही. वास्तू कोठलीही असली, तरी तिच्यावरचे ऊन नेमक्या त्याच प्रहरातील असते.

हे ऊन घडते कसे? अग्रभूमीत एका बाजूला गडद वृक्षाचा किंवा स्तंभांचा समूह असतो. मध्यभूमीत नदी, पूल वा गुरांचा कळप असतो. त्यापलीकडे निळसर डोंगर आणि शेवटी जवळजवळ पांढऱ्या-पिवळ्या रंगात विरघळणारे क्षितिज. प्रकाश बहुधा समोरून, म्हणजे पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. त्यामुळे जवळच्या वस्तूंची पाहणाऱ्याकडील बाजू छायेत राहते आणि त्यांच्या कडा तेवढ्या उजळतात. या दोन टोकांच्या दरम्यान छटांच्या अतिशय लहान लहान पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर हिरवा रंग हिरवा असतो, पुढे तो करडा होतो, मग निळा, मग केवळ निळ्याची आठवण. यालाच वायवीय यथादर्शन म्हणतात. त्याचे भौतिक कारण पुढे एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाले. हवेचे सूक्ष्म कण आखूड तरंगांचा निळा प्रकाश अधिक विखुरतात, असे विवेचन रॅली याने १८७१ मध्ये केले. त्यामुळेच आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जितकी हवा अधिक, तितका डोंगर निळा दिसतो. आणि क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या अधिक जाड थरातून येत असल्याने निळा भाग गळून पिवळा-तांबडा उरतो. क्लोदला हे शास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण अंतर म्हणजे रिकामी जागा नसून मध्ये साठलेली हवा आहे, हे त्याने डोळ्यांनी ओळखले होते. मराठीतील 'वातावरण' हा शब्द येथे आपल्या मूळ अर्थाने सार्थ ठरतो : वाताचे आवरण. ते वस्तूंवर चढवलेले नसते. वस्तू त्याच्या आत असतात.

'शेबाच्या राणीचे प्रयाण' या चित्राकडे या दृष्टीने पुन्हा पाहता येईल. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेले हे चित्र सुमारे दीड मीटर उंच आणि दोन मीटर रुंद आहे. उजवीकडे राजवाड्याच्या पायऱ्यांवरून राणी आपल्या परिवारासह खाली उतरते आहे. खाली तिला गलबतापर्यंत नेणारी होडी थांबली आहे. डावीकडे उंच स्तंभ आहेत आणि त्या बाजूच्या एका तरुणाने उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला आहे. सूर्यापासून निघालेली पाण्यावरची चकाकती वाट थेट पाहणाऱ्याच्या पायाशी येते. बायबलमध्ये, राजांच्या पहिल्या ग्रंथात, ही राणी सॉलोमनची ज्ञानपरीक्षा घेण्यासाठी जाते. पण ती मसाल्याचे पदार्थ आणि सोने लादलेल्या उंटांच्या तांड्यासह जाते. तिच्या प्रयाणाचे वर्णन तेथे नाही. समुद्राचा तर उल्लेखही नाही. क्लोदने तिला बंदरात आणले. सजावटीचा सिद्धान्त मानणाऱ्यांना या बदलाचे कारण सांगता येणार नाही, कारण उंटांचा तांडाही तितकाच शोभिवंत झाला असता. निमित्ताचा सिद्धान्त मानणाऱ्यांनाही ते पुरते सांगता येणार नाही, कारण केवळ समुद्रावरचा सूर्योदय हवा असता तर राणीची गरज नव्हती. खरे पाहता येथे प्रवासाचा आरंभ आणि दिवसाचा आरंभ या दोन गोष्टी एकच केलेल्या आहेत. राणीला जिकडे जायचे आहे ती दिशा प्रकाशाच्या उगमाची दिशा आहे, आणि ती ज्याच्याकडे निघाली आहे तो राजा ज्ञानासाठी विख्यात आहे. हे सर्व कोणी बोलून दाखवीत नाही. ते हवेत आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न अधिक नेमकेपणाने मांडता येतो. रससिद्धान्तात विभावाचे दोन प्रकार मानले आहेत. ज्याला उद्देशून भाव जागा होतो तो आलंबन विभाव आणि जागा झालेला भाव ज्यामुळे उत्कट होतो तो उद्दीपन विभाव. नायक-नायिका हे आलंबन. चंद्रोदय, वसंत, उपवन, मंद वारा हे उद्दीपन. परंपरेने निसर्गाला बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्गात बसवले आहे. हिंदी समीक्षक आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी या वर्गीकरणाला हरकत घेऊन निसर्ग स्वतःही आलंबन होऊ शकतो, अशी भूमिका घेतली होती. चित्रकलेपुरते पाहिले तर विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्राचे मार्गदर्शन उद्बोधक आहे. चांदणे दाखवायचे तर उमललेली कुमुदे दाखवावीत, उन्हाळा दाखवायचा तर उन्हाने त्रस्त झालेले जीव दाखवावेत, पहाट दाखवायची तर मंद झालेले दिवे आणि आरवणारे कोंबडे दाखवावेत, अशा स्वरूपाचे संकेत तेथे दिले आहेत. म्हणजे प्रकाश त्याच्या परिणामांवरून ओळखायचा. ही पद्धत काव्याला जवळची आहे, आणि तिच्यात काही उणेपण आहे असे मुळीच नाही. क्लोदची पद्धत निराळी आहे. तो प्रकाशाचे चिन्ह देत नाही. प्रत्यक्ष प्रकाशच पाहणाऱ्याच्या समोर उभा करतो. म्हणून त्याच्या चित्रांत प्रकाश आलंबनाच्या स्थानी येतो असे म्हणावेसे वाटते. परंतु येथेच थांबले, तर उपरोक्त दुसऱ्या मताचीच पुनरावृत्ती होईल. प्रकाश आलंबन झाला, तर कथेचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

बाल्दीनुच्ची या दुसऱ्या चरित्रकाराने नोंदवलेली एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते : आपण निसर्गचित्र तेवढे विकतो, त्यातील माणसे फुकट देतो, असे क्लोद म्हणत असे. त्याच्या मनुष्याकृती बेताच्या असतात, हे खरे आहे. पण या विनोदावरून त्याची कथेविषयीची अनास्था सिद्ध होत नाही. त्याचे अखेरचे चित्र या दृष्टीने निर्णायक आहे. १६८२ मधील 'आस्कानियस सिल्व्हियाच्या हरणावर बाण सोडताना' हे ते चित्र ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. विषय व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्याच्या सातव्या सर्गातला. ईनियसचा मुलगा आस्कानियस शिकारीच्या नादात एका पाळलेल्या हरणाला बाण मारतो; त्या हरणाला जीव लावणारी सिल्व्हिया आक्रोश करते; रानातील माणसे शस्त्रे घेऊन धावतात आणि लॅटियममध्ये युद्ध पेटते. क्लोदने यांपैकी आक्रोश, धावपळ, रक्त काहीही दाखवलेले नाही. एका बाजूला धनुष्य ताणलेला आस्कानियस, दुसऱ्या बाजूला उभे राहिलेले हरीण, मध्ये पाणी आणि सर्वत्र एक रुपेरी, निळसर, विलक्षण थंड प्रकाश. बाण अजून सुटलेला नाही. डावीकडे भग्न मंदिराचे स्तंभ आहेत. ज्या रोमची अजून स्थापनाही झालेली नाही, त्याचे अवशेष जणू आधीच येऊन उभे राहिले आहेत.

व्हर्जिलची कथा ठाऊक नसलेल्या माणसालाही हा प्रकाश सुंदर वाटेल. पण ज्याला कथा ठाऊक आहे, त्याच्यासाठी ही शांतता शेवटची शांतता आहे. पुढच्या क्षणी जे घडणार आहे, त्यामुळे या क्षणाची हवा जड होते. म्हणजे येथे परंपरागत संबंध पूर्ण उलटला आहे : प्रकाश आलंबन आहे आणि कथा उद्दीपन. ज्या भावाचा विषय तो जाऊ पाहणारा प्रहर आहे, त्या भावाला उत्कटता देण्याचे काम हरीण, धनुष्य आणि युद्धाची जाणीव करतात. कथा काढून घेतली तर चित्रात नुसते हवामान उरेल. प्रकाश काढून घेतला तर केवळ शिकारीचे एक चित्र उरेल. निमित्त या शब्दाने या परस्परावलंबनाची बोळवण करता येणार नाही.

पूसँची वाट वेगळी आहे. १५९४ मध्ये नॉर्मंडीत जन्मलेला आणि आयुष्याचा बहुतेक काळ रोममध्ये काढून १६६५ मध्ये तेथेच निवर्तलेला हा चित्रकार क्लोदचा समकालीनच. पण त्याच्या चित्रांत सूर्य क्वचितच दिसतो. त्याचा प्रकाश बाजूने येतो, वस्तूंना घनता देतो, इमारतींचे कोन स्पष्ट करतो. १६४८ मध्ये त्याने फोशनच्या कथेवर दोन चित्रे काढली. फोशन हा अथेन्सचा सचोटीचा सेनानी. इ. स. पू. ३१८ मध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली त्याला विष देण्यात आले आणि अथेन्सच्या भूमीत त्याच्या अंत्यसंस्कारालाही मज्जाव झाला. पहिल्या चित्रात दोन माणसे त्याचे प्रेत वाहून नेत आहेत. दुसऱ्यात मेगारा नगराबाहेर त्याची पत्नी झाडांच्या छायेत वाकून त्याची राख गोळा करते आहे. दोन्ही चित्रांत मागे नगर आहे, मंदिरे आहेत, आपापल्या उद्योगात आणि विरंगुळ्यात रमलेली माणसे आहेत आणि स्वच्छ, निरभ्र, समतोल प्रकाश आहे. रूढ 'वातावरणनिर्मिती'च्या नियमाप्रमाणे येथे ढग दाटून यायला हवे होते. पूसँने तसे केले नाही. अन्याय भर उजेडात घडला आहे, आणि त्या उजेडात मंदिर पूर्वीइतकेच सुंदर दिसते आहे, हीच त्या चित्रातली सर्वांत भयंकर गोष्ट आहे. प्रकाशाने शोकात सहभागी होण्याचे नाकारले आहे. त्यामुळे शोकाचा सारा भार त्या वाकलेल्या एका आकृतीवर पडतो.

तीन वर्षांनी, १६५१ मध्ये, पूसँने 'पिरॅमस आणि थिस्बी' हे मोठे चित्र काढले. प्रियकर मरून पडला आहे, प्रेयसी त्याच्याकडे धावते आहे आणि वर वादळ घोंघावते आहे. या चित्राविषयी त्याने आपला मित्र झाक स्तेला याला लिहिलेल्या पत्राचा मजकूर फेलिब्याँने जतन केला आहे. जमिनीवरचे वादळ रंगवण्याचा आपला प्रयत्न असून चित्रातील प्रत्येक आकृती त्या हवेला अनुसरूनच वागते, असा त्या मजकुराचा आशय आहे. काही माणसे वाऱ्याबरोबर धुळीतून पळतात, काही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने डोळ्यांवर हात धरून चालतात. येथे पूसँने रूढ संकेत पाळला असे वाटते, तोच मध्यभागी असलेले तळे लक्ष वेधून घेते. इतक्या झंझावातातही त्या तळ्याचे पाणी आरशासारखे निश्चल आहे. अभ्यासकांनी या तळ्याचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. एवढे निश्चित म्हणता येईल की, पूसँला निसर्ग हा मानवी भावनेचा प्रतिध्वनी म्हणून मान्य नव्हता. निसर्गाचा एक भाग वादळासह आक्रोश करीत असता दुसरा भाग त्यापासून पूर्णपणे अलिप्त राहू शकतो. आयुष्याच्या शेवटी काढलेल्या 'ऋतुचतुष्टया'तील (१६६०–६४) 'हिवाळा' या जलप्रलयाच्या चित्रात तर प्रकाशच जवळजवळ संपला आहे. करड्या पाण्यावर निस्तेज बिंब, एक विजेची रेघ, खडकावर सरपटणारा साप आणि बुडणाऱ्या नावेतून आकाशाकडे जोडलेले हात. एवढ्या मोजक्या साधनांनी जगबुडीचा प्रत्यय दिला गेला आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यवस्तूच्या संघटनेची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन लयतत्त्वे सांगितली. ती मांडणी येथे साहाय्यक होते. क्लोदच्या बंदरचित्रांत प्रहर आणि प्रसंग यांच्यात संवाद आहे. आस्कानियसच्या चित्रात संवादाच्या आवरणाखाली विरोध आहे. फोशनच्या चित्रांत उघड विरोध आहे. आणि पिरॅमसच्या चित्रात संवाद व विरोध यांचा समतोल साधण्याचा यत्न आहे. मराठी समीक्षेतील वातावरणाचा विचार मात्र बहुधा पहिल्याच शक्यतेपाशी थबकलेला दिसतो. दुःखाला अंधार आणि सुखाला चांदणे, हा संवादाचाही सर्वांत सोपा प्रकार होय.

या सोपेपणाचा एक ऐतिहासिक धडाही या परंपरेतच मिळतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्लोदची चित्रे मोठ्या संख्येने गेली आणि त्यांच्यापासून एक साचा तयार झाला. बाजूला गडद झाड, मध्ये पाणी, मागे तेजस्वी धुके. उद्याने या साच्यावर आखली गेली. प्रवासी 'क्लोद-आरसा' नावाचा काळसर, बहिर्वक्र आरसा बरोबर नेऊ लागले. समोरच्या दृश्याकडे पाठ करून त्या आरशात पाहिले की दृश्य क्लोदच्या चित्रासारखे दिसे. हा साचा भारतातही आला. विल्यम हॉजेस १७८० ते १७८३ या काळात येथे होता. थॉमस व विल्यम डॅनिएल १७८६ मध्ये आले आणि १७९३ मध्ये मुंबई परिसरात येऊन त्यांनी घारापुरी व कान्हेरीच्या लेण्यांची चित्रे काढली. जेम्स वेल्सने केलेल्या रेखाटनांवरून वेरूळच्या लेण्यांची चित्रमालिकाही डॅनिएलने प्रसिद्ध केली. या चित्रांचे दस्तऐवज म्हणून मोल मोठे आहे. तथापि कोकणच्या किंवा दख्खनच्या दगडावर कांपान्याची सांज पडल्यासारखी वाटावी, असा त्यांतील काहींचा तोंडवळा आहे. साचा समुद्र ओलांडून आला, पण हवा तिकडेच राहिली. याउलट टर्नरने क्लोदपासून साचा न घेता प्रश्न घेतला. आपली दोन चित्रे क्लोदच्या 'शेबाची राणी' आणि 'गिरणी' या चित्रांशेजारी लावावीत, अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात व्यक्त केली होती, आणि त्याप्रमाणे ती नॅशनल गॅलरीत लावलेली आहेत. त्यांपैकी कार्थेजच्या उभारणीचे १८१५ मधील चित्र पाहिले की, समोरचा सूर्य हा क्लोदचा प्रश्न टर्नरने किती दूरवर नेला, ते कळते. क्लोदच्या निसर्गसत्यावर कठोर टीका करणाऱ्या रस्किननेदेखील चित्राच्या आकाशात खरा सूर्य आणण्याचे श्रेय त्यालाच दिले आहे.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. हा सोनेरी प्रकाश कोणाचा? क्लोदचे आश्रयदाते पोप आठवा अर्बन, स्पेनचा राजा चौथा फिलिप आणि कोलोन्ना घराण्यासारखे बडे जमीनदार होते. ज्या कांपान्याची ही चित्रे आहेत, तो प्रदेश हिवतापाने पोखरलेला होता आणि तेथील गुराखी आपल्या दारिद्र्यात राहत होता. चित्रातला गुराखी मात्र सदैव निवांत बासरी वाजवीत असतो. दलित आणि ग्रामीण साहित्याने मराठी वाचकाला हा प्रश्न विचारायला शिकवले आहे, आणि तो विचारलाच पाहिजे. ऊन हे राबणाऱ्याच्या पाठीवर पडते तेव्हा त्याचे वर्णन वेगळे होते. क्लोदच्या चित्रांत हे ऊन नाही, ही त्याची मर्यादा निःसंशय होय. परंतु या आक्षेपानेही मूळ मुद्द्याला बळच मिळते. प्रकाश ही निरुपद्रवी सजावट असती, तर त्याच्यावर असा आक्षेप घेण्याचे कारण उरले नसते. तो जगाविषयीचे एक विधान आहे, म्हणूनच ते विधान अपुरे आहे असे म्हणता येते.

मराठीच्या अध्ययनापुरते या चर्चेचे तात्पर्य काय? निसर्गवर्णनाचा उतारा आला की तो कथेतील विसावा समजून भरभर वाचण्याची सवय विद्यार्थ्याला लागली आहे, आणि प्रश्नपत्रिकेतील 'वातावरणनिर्मितीवर टीप लिहा' या ठराविक प्रश्नाने ती दृढ केली आहे. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारता येतील. या प्रसंगाचा प्रहर कोणता आणि तो दुसरा असता तर काय बिघडले असते? प्रकाश कोठून येतो व कोणावर पडत नाही? निसर्ग पात्राच्या भावनेशी सहमत आहे, असहमत आहे की उदासीन आहे? भावाचा विषय माणूस आहे की सरत चाललेली वेळच? बालकवींपासून ना. धों. महानोरांपर्यंतच्या कवितेला आणि गंभीरपणे लिहिलेल्या कोणत्याही कादंबरीला हे प्रश्न लावून पाहण्यासारखे आहेत. त्यांची उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी येतील. काही ठिकाणी असेही आढळेल की, वर्णन खरोखरीच शोभेपुरते आहे आणि ते गाळले तरी काही अडत नाही. तसे आढळल्यास तसे स्पष्ट नोंदवावे. वातावरणाच्या नावाखाली सरसकट केलेल्या प्रशंसेपेक्षा अशी नोंद समीक्षेच्या अधिक उपयोगी पडेल.